संगमेश्वरात ६२ गुंठे आणि एक विहीर: तळं, कोंबड्या, झाडं कशी बसवू?

बावनदीकाठ
नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी डोंबिवलीत नोकरीला आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात. आईबाबा गावीच असतात, बाबा ६७, आई ६१. दोन वर्षांत मी आणि बायको कायमचे गावी जायचं म्हणतोय. त्याआधी वाडी उभी राहायला हवी, म्हणून आत्तापासून विचारतो.

जमीन ६२ गुंठे, घराला लागूनच. वरच्या अंगाला आजोबांनी लावलेली हापूसची १४ कलमं आहेत. ती दरवर्षी एका व्यापाऱ्याला कराराने देतो, फवारणीपासून काढणीपर्यंत सगळं तोच बघतो. मधला पट्टा कातळाचा, वर वीतभर माती. खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) बाजूला साधारण २० गुंठे मळी आहे. तिथे पूर्वी भात व्हायचं, आता सात-आठ वर्षं पडीक. विहीर ३२ फूट, चिऱ्यांनी बांधलेली, व्यास १२ फूट. मार्चपर्यंत पाण्याची काळजी नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कमरेएवढं उरतं, मग रात्रीत जेवढं भरेल तेवढंच दुसऱ्या दिवशी मिळतं.

डोक्यात नकाशा असा आहे: खालच्या मळीत ३ गुंठ्यांचं तळं. तळ्यावर खांब रोवून शेड, शेडमध्ये २०० गिरिराज जातीच्या कोंबड्या. विष्ठा थेट पाण्यात पडेल, त्यावर मासे वाढतील, तेच पाणी झाडांना. तळ्याच्या बांधावर आंबा-फणस आणि उरलेल्या जागेत नारळ, काजू धरून १०० झाडं. हातात ४ लाख आहेत. कर्ज काढायचं नाही.

सातबारा बाबा आणि दोन काका असा सामाईक आहे. काका मुंबईत असतात, त्यांची हरकत नाही, पण कागदावर अजून काही नाही.

आधी काय करू? तळं की शेड की झाडं? आणि हा नकाशा कुठे चुकतोय ते मोकळेपणाने सांगा. बाबांच्या अंगावर काम टाकून मी मुंबईत बसणार आहे, म्हणून धास्ती वाटते.


कातळातला
कुडाळहून लिहितोय. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही खिशाला बसलेल्या आहेत.

पहिली म्हणजे आपला जांभा पाणी धरत नाही. वरून घट्ट दिसतो, आतून चाळण. मी कातळाच्या कडेला तळं खणलं, पहिल्या पावसात तुडुंब भरलं, आणि पाऊस थांबल्यावर दसऱ्यापर्यंत तळ दिसला. मग ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरावं लागलं, तो खर्च आधी धरलेलाच नव्हता. तुमची मळी भाताची आहे, म्हणजे तिथे चिकणमाती असण्याची शक्यता चांगली आहे. पण शक्यतेवर पोकलेन बोलावू नका. तीन ठिकाणी तीन-तीन फुटांचे खड्डे काढा, दोन दिवस भरून ठेवून माती भिजू द्या, मग पुन्हा काठोकाठ भरा. शेजारी एक घमेलं पाण्याने भरून ठेवा. घमेल्यातलं पाणी जेवढं उतरेल ते उन्हाने नेलं. खड्ड्यातलं त्याहून जास्त जेवढं उतरेल ते जमिनीने प्यायलं. चार दिवसांत तुम्हाला उत्तर मिळेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचे आंबे वर, तळं खाली, आणि फवारणी व्यापाऱ्याच्या हातात. मोहोरावर तुडतुड्यासाठी जी औषधं मारतात त्यांतली डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही माशांना अगदी थोडक्या मात्रेत मारतात. फवारा वाऱ्यावर उडून येतोच, पण खरा घात होतो तो पंप धुण्यात. गडी पिंप कुठे धुणार? जवळ पाणी दिसेल तिथे. करार करतानाच व्यापाऱ्याला सांगा की पंप वरच धुवायचा, रिकाम्या बाटल्या खाली आणायच्या नाहीत, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी बाबांना कळवायचं. त्या दिवशी कोंबड्याही आंब्याखाली सोडायच्या नाहीत, पुढचे काही दिवसही नाहीत.

आणि बांधावर आंबा-फणस नको. मूळ बांध फोडतं, पातेरा (गळलेला पाला) पाण्यात कुजतो, सावलीने पाणी थंड आणि निर्जीव राहतं. माझ्या बांधातून एका फणसाच्या मुळाशेजारून झरा लागला होता. तो बुजवायला दोन उन्हाळे गेले.


गडग्याआत
बावनदीकाठ, तुमचं वाचून मला २०१७ सालचे आम्ही आठवलो. राजापूर तालुक्यात आमची दोन एकर वाडी आहे. तुमच्यासारखाच नकाशा होता: ४ गुंठ्यांचं तळं आणि त्यावर १२० कोंबड्या. पहिली दोन वर्षं मासे असे वाढले की पाहुण्यांना आवर्जून दाखवायला न्यायचो.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टात अकरा दिवस सूर्य दिसला नाही. पहाटे साडेपाचला कुत्रा भुंकत होता म्हणून मी बॅटरी घेऊन तळ्यावर गेले. पाऊस थांबलेला होता, तरी पाण्यावर थेंब पडल्यासारखं दिसत होतं. जवळ जाऊन उजेड टाकला तर ती सगळी माशांची तोंडं. हजार ठिकाणी चप-चप आवाज, तोंड वर काढून हवा ओढत होते. मोठे कटले काठाला येऊन कलंडले होते, हात लावला तरी पळत नव्हते. यांना हाक मारली, विहिरीचा पंप सुरू केला आणि पाईप उंच धरून पाणी वरून सोडत राहिलो. आठ वाजेपर्यंत १४० मासे मेले. मोठे आधी गेले. दहा महिने ज्यांना वाढवलं ते.

नंतर मत्स्य विभागातल्या एका साहेबांनी गणित समजावलं, तेच तुम्हाला सांगते. कोंबडी-मासे एकत्र करताना हेक्टरी ५०० ते ६०० कोंबड्यांची विष्ठा तळं पचवू शकतं. हेक्टर म्हणजे १०० गुंठे. तुमचं तळं ३ गुंठ्यांचं, म्हणजे १५ ते १८ कोंबड्या. तुम्ही २०० म्हणताय. आम्ही २०-२४ च्या जागी १२० ठेवल्या होत्या.

विष्ठेने पाण्यात हिरवं शेवाळ वाढतं, ते उन्हात प्राणवायू सोडतं, माशांचं खाणंही तेच. पण रात्री ते शेवाळ आणि तळातला कुजणारा मळ दोघंही प्राणवायू ओढतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. घाटावर दुसऱ्या दिवशी ऊन पडतं आणि भरून निघतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ऊन कुठे असतं? म्हणून हेक्टरी ६०० हा आकडासुद्धा आपल्याला दिवाळी ते मे एवढ्यापुरताच धरायचा. पावसाळ्यात मी विष्ठा एक टोपलीसुद्धा टाकत नाही.

हे तळ्यावर शेड बांधून करता येत नाही, कारण कोंबडी आपल्याला विचारून हगत नाही. आम्ही शेड काढून कातळावर नेली. तुमचाही मधला कातळ शेडसाठीच आहे, तिथे ना झाड येणार ना तळं राहणार. कोरडा असतो, पाणी साचत नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन आत घुसत नाही. खाली दीड फूट चिऱ्याची भिंत, वर अर्ध्या इंचाची जाळी. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस हात घालून मान ओढतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाख्या बाहेर चांगल्या तीन-साडेतीन फूट काढा, नाहीतर झड आत येऊन तूस भिजतं आणि मग पिल्लांना रक्ती हगवण लागते. जमिनीवर भाताचं तूस चार बोटं अंथरायचं, आठवड्यातून दोनदा उलटायचं. निघालेलं खत पातेऱ्याबरोबर दोन-तीन महिने कुजवून मगच झाडांना. ताजी विष्ठा आळ्यात टाकलीत तर कोवळी मुळं जळतात.

तळ्याला किती द्यायचं ते तुमचा हात सांगेल. सकाळी दहाच्या उन्हात बाही वर करून हात सरळ पाण्यात घाला, पंजा वर वळवलेला. कोपरापर्यंत बुडवल्यावर पंजा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. मनगटाशीच दिसेनासा झाला तर पाणी जास्त हिरवं झालंय, खत बंद करा, ताजं पाणी सोडा. खांद्यापर्यंत गेला तरी बोटं दिसतायत तर पाणी उपाशी आहे. आईंना हे एकदा दाखवा, त्या रोज बघतील.

आता पाण्याचा हिशेब, कारण तुमचं सगळं मे महिन्यावर अडलंय. १२ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ३,२०० लिटर. मे महिन्यात रात्रभरात किती फूट चढतं ते बाबांना दोरीला गाठ मारून मोजायला सांगा. ३ गुंठ्यांच्या तळ्यावरून उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर उडालं तरी ते १,५०० लिटर झाले. समजा ४० नारळांना ठिबकने प्रत्येकी ४० लिटर दिले तर १,६०० लिटर. झाले एकूण ३,१०० लिटर, आणि अजून घर, गुरं, कोंबड्या यायच्या आहेत. विहीर फूटभरच भरत असेल तर तुमची १०० झाडं आणि तळं एकमेकांचं पाणी पिणार. मे महिन्याचा आकडा हातात आल्याशिवाय झाडांची संख्या ठरवू नका.

झाडांबद्दल मी तरी असं करेन. मळीच्या वरच्या कडेला २४ नारळ, २५-२५ फुटांवर. त्यांत पहिली तीन-चार वर्षं केळी. नारळ वाढून सावली झाली की मग मधे जायफळ आणि खोडांवर मिरी. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रावर लाखी बाग (नारळात मसाल्याची झाडं घेतलेली बाग) आहे, ती बाबांना घेऊन एकदा बघाच. कातळाच्या कडेला जिथे कमरेएवढी तरी माती आहे तिथे काजूची २५ कलमं, वेंगुर्ला ४ किंवा ७ या जातींची. काजूला दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यानंतर पाणी द्यावं लागत नाही, म्हणून तुमच्यासारख्या विहिरीला तो हलका. आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने कोकम. कोकमाची रोपं घेऊ नका, कलमंच घ्या. रोपांत जवळजवळ निम्मे नर निघतात आणि ते कळायला सात वर्षं जातात. आमची सात गेली.

बास, उरलेलं नंतर लिहीन. दूध तापत ठेवलंय.


थर्मास
मी पशुसंवर्धन खात्यात २८ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. ताईंनी शेडचं सांगितलं, मी फक्त लसीचं सांगतो. वाडीतल्या कोंबड्या मुंगसाने कमी आणि मानमोडीने (राणीखेत रोगाने) जास्त मरतात.

पिल्लू सात दिवसांचं झालं की मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठावीसच्या सुमारास लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचायची लस. हे वेळापत्रक घरात कालनिर्णयवर लिहून टांगा.

लस देऊनही कोंबड्या मेल्या अशी तक्रार घेऊन लोक यायचे. मी विचारायचो, लस आणली कशात? शर्टच्या खिशात! तालुक्याहून एसटीने दोन तास खिशात आलेली लस म्हणजे नुसतं पाणी. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, लस कालवली की दोन तासांत संपवा, आणि काम पहाटे किंवा तिन्हीसांजेला करा. एका कुपीत १०० किंवा जास्त मात्रा असतात, तुमच्याकडे पिल्लं त्याहून कमी असतील. उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. म्हणून वाडीतल्या आणखी चार घरांना त्याच दिवशी बोलवा. त्यांच्या कोंबड्या लसीशिवाय राहिल्या तर रोग त्यांच्याकडून तुमच्या दारात येणारच, म्हणजे यात तुमचाच फायदा आहे.

पिल्लं पावसाळ्यात आणू नका. दिवाळीनंतर आणा. नवीन आणलेली कोंबडी जुन्यांत लगेच सोडू नका, दोन-तीन आठवडे लांब ठेवा. आणि गावच्या जत्रेतून, आठवडी बाजारातून कोंबडी आणून त्याच शेडमध्ये टाकायची सवय बाबांना असेल तर ती मोडा. मी अख्खी खुराडी रिकामी झालेली पाहिलीत त्यापायी.


बावनदीकाठ
तिघांचे मनापासून आभार. गडग्याआत ताई, तुमचं लिहिलेलं रात्री फोनवर बाबांना वाचून दाखवलं. माशांची तोंडं आली तिथे ते गप्प झाले, मग म्हणाले, "बाईचं बरोबर आहे, आपल्याकडे श्रावणात ऊन कुठे असतं." विहिरीचा आकडा ते मेमध्ये मोजतील.

पण दोन गोष्टी अडतात. २०० कोंबड्यांवर मी महिन्याचा खर्च धरला होता. १५-१८ म्हटलं तर घरची अंडी होतील फक्त. दुसरं, मासे विकायचे कुठे? आमच्याकडे लोक समुद्राचा मासा खाणारे. रोहू म्हटलं की "चिखलाचा वास येतो" म्हणतात.

फळबागेच्या अनुदानाचंही कोणी सांगेल का?


गडग्याआत
१५-१८ हा आकडा तळ्याचा आहे, शेडचा नाही. शेडमध्ये जास्त ठेवा, बाकीचं खत झाडांना जाऊ दे. पण २०० लगेच नको, आणि का ते सांगते.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम तरी खाते. २०० म्हणजे रोज २२ किलो, महिन्याला साडेसहा क्विंटलच्या वर. ती पोती पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) कोण चढवणार, बाबा? आणि रोजची शंभर अंडी संगमेश्वरच्या दुकानापर्यंत कोण नेणार? आमच्याकडे सध्या ६० आहेत. वाडी आणि दोन शाळांच्या शिक्षकांतच अंडी संपतात, मला कुठे जावं लागत नाही. ६० च्या वर गेलो तेव्हा मी बाजार शोधत फिरायला लागले आणि शेडकडे दुर्लक्ष झालं. तुम्ही २५ ने सुरुवात करा. आई २५ ची एकेक कोंबडी ओळखतील, कोणती मरगळली ते सकाळी दार उघडताच कळेल. तुम्ही दोघं गावी आलात की ६० करा.

खाद्य थोडं वाचवता येतं. अकरापर्यंत अंडी घालून होतात, त्यानंतर कोंबड्या कलमांखाली सोडायच्या. पडलेल्या आंब्यातल्या अळ्या, मातीतले फळमाशीचे कोष वेचून खातात, त्याने बागेचंही भलं होतं. फक्त कोवळ्या झाडांची आळी उकरतात, म्हणून आळ्यात चिऱ्याचे तुकडे मांडा. पिल्लांना वाळवी द्या. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं गोणपाट आणि शेण कोंबायचं आणि वारुळाजवळ तोंड खाली करून ठेवायचं. सकाळी उचललं की आत वाळवी भरलेली असते. पिल्लांसमोर झटकली की कशी तुटून पडतात ते पाहायला माझी नात मुद्दाम लवकर उठते.

आता मासे. आपल्याकडे गोड्या पाण्याच्या माशाला वर्षभर गिऱ्हाईक नाही, हे तुमचं खरं आहे. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. त्या दिवसांत बाजारात सुकं नाहीतर बर्फातलं. तेव्हा जिवंत उड्या मारणारा दीड किलोचा कटला दारात आला तर कोण नाही म्हणतं? श्रावण लागेपर्यंतचे ते सात-आठ आठवडे आपले. मी तेवढ्यातच विकते, तळ्याच्या काठावर, वजन करून. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) ऑगस्टात सोडायची, दहा महिन्यांत मासा तयार, मेअखेर पाणी खाली गेलेलं असतं म्हणून जाळंही सोपं पडतं. चिखलाच्या वासासाठी विकायच्या आधी आठ-दहा दिवस खत आणि खाद्य बंद. शक्य असेल तर दोन दिवस स्वच्छ पाण्याच्या हौदात ठेवा. फरक पडतो, आमच्याकडचे नाकं मुरडणारेच आता आधी फोन करतात.

३ गुंठ्यांना २०० बोटुकल्या पुरे: कटला ६०, रोहू ७०, मृगळ ५०, गवत्या (ग्रास कार्प) २०. सायप्रिनस (कॉमन कार्प) नको, तो बांध उकरतो. तीन-चार इंचांची बोटुकली घ्या. लहान बी स्वस्त म्हणून मी एकदा एका विक्रेत्याकडून घेतलं, अर्धं खंड्याने आणि बगळ्यांनी नेलं, उरलेल्यात तिलापी निघाली. पिशवी आणली की पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तशीच तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेत सोडा. तळं भरायच्या आधी तळाला १०-१५ किलो चुना टाका, आपली माती आंबट असते. रोज सकाळी ठरल्या जागी, ठरल्या वेळी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान भिजवून द्या. २०० कोंबड्यांनी मासे फुकट वाढतात हे डोक्यातून काढा. थोडं खाद्य द्यावंच लागतं. सगळं नीट झालं तर वर्षाला ८०-१०० किलो.


कातळातला
अनुदानाचं: भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे, पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात. पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली दाखवावी लागतात. म्हणून पाण्याआधी झाडं लावायची नाहीत. तळ्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) भेटा. आणि काकांचं संमतीपत्र आत्ताच, गणपतीला सगळे जमतात त्या चार दिवसांत घेऊन टाका, किंवा मधे मुंबईत जाऊन घ्या. सामाईक सातबाऱ्यावर त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मनं चांगली असतानाच कागद होतात.

४ लाखांत कुंपण धरलंय का? वानर आणि डुकरांचं काय?


बावनदीकाठ
कुंपण धरलं नव्हतं. आता धरतो. गडगा दोन बाजूंना आहे, उरलेल्या दोन बाजूंना जाळी. वानरांपुढे मात्र सध्या बाबांची गलोल आणि कुत्रा एवढंच.

तीन आठवड्यांनी लिहितोय. खड्डे झाले. मी शनिवार-रविवार जोडून गावी गेलो होतो, बाबांनी जागा दाखवल्या. कातळाच्या पायथ्याचा खड्डा दोनदा भरला, दोन्ही वेळा सकाळी कोरडा. मळीच्या मधला चार दिवसांत घमेल्याहून फक्त दोन बोटं जास्त उतरला. पऱ्याजवळचा तर घमेल्याबरोबरीने. खणताना खाली करडी चिकण लागली, हातात घेऊन वळली तर वातीसारखी वळत होती. बाबांनी ती आईला दाखवायला घरी आणली, चुलीसाठी बरी म्हणून.

मग तळं पऱ्याजवळच करतो ना?


गडग्याआत
थांबा. एक विचारायचं राहिलं होतं. २२ जुलै २०२१ ला, चिपळूणला पूर आला त्या दिवशी, तुमच्या पऱ्याचं पाणी कुठवर चढलं होतं? बाबांना जागेवर नेऊन विचारा. पूर एका रात्रीत तळ्यातले सगळे मासे नेतो आणि त्यांच्या जागी मरळ, वाम सोडून जातो. ती आलेली बोटुकली खातात.


बावनदीकाठ
विचारलं. बाबा थेट चालत गेले आणि आवळीच्या बुंध्यावर हात ठेवला, "हितपर्यंत." पऱ्याजवळचा खड्डा त्याच्या खाली येतो.

म्हणजे तळं मधल्या खड्ड्याकडे. तिथे आवळीच्या वर जागा अडीच गुंठ्यांचीच निघते. ताईंच्या हिशेबाने १२ ते १५ कोंबड्यांची विष्ठा, तीही दिवाळीनंतर. सांडव्याला बारीक जाळी बसवणार. शेड कातळावर, जोत्याचे चिरे सोमवारी येतायत. खणायचं फेब्रुवारीत, जमीन सुकल्यावर. झाडांचे खड्डे एप्रिलमध्ये, पण किती ते विहिरीची दोरी सांगेल तेव्हा. काकांपैकी एकांची सही झाली, दुसऱ्या काकांकडे येत्या रविवारी विरारला जातोय.

२५ पिल्लं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आईने आत्ताच जुन्या साड्या काढून ठेवल्यात शेडच्या पडद्यांना.


थर्मास
पडदे वरून थोडे उघडे ठेवा, पूर्ण बंद केलेत तर आत वास कोंडून पिल्लांचे डोळे येतात. पिल्लं यायच्या आदल्या रात्री बल्ब लावून शेड तापवा. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरेनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, लांब पळून चोच उघडी टाकली तर बल्ब वर घ्या. आल्या आल्या आधी कोमट गुळाचं पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून दाखवायची, खाद्य दोन-तीन तासांनी. थर्मास घरात नसेल तर आत्ताच घ्या, सातवा दिवस लगेच येतो.